आपल्या ट्रॅक्टरचे तेल आपणच बदलावे

बैलाची निगा कशी राखावी हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. बैल वैरणीला तोंड लावीनासा झाला, त्याचे डोळे निस्तेज दिसू लागले किंवा तो एका पायावर भार देईनासा झाला, तर ते घरातील लहान मुलाच्याही ध्यानात येते. परंतु ज्या ट्रॅक्टरवर आज आपली नांगरट, पेरणी आणि मळणी अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत मात्र आपण परके राहिलो आहोत. त्यात डिझेल घालावे, किल्ली फिरवावी आणि काही बिघडले की मिस्त्रीस निरोप धाडावा, एवढाच आपला त्याच्याशी संबंध उरला आहे. हा परकेपणा कमी व्हावा, आणि त्याची सुरुवात इंजिनाचे तेल, ज्यास आपण बोलण्यात नुसते ऑइल म्हणतो ते, स्वहस्ते बदलण्यापासून व्हावी, असे माझे मत आहे. ते येथे सकारण मांडण्याचे योजिले आहे.

हे मत मला पुस्तक वाचून सुचलेले नाही. २०२३ सालच्या उन्हाळ्यात एका गावी यंत्रांच्या निगेविषयी शेतकऱ्यांची सभा होती. विस्तार कार्यकर्ता या नात्याने बोलावयाचे काम माझ्याकडे होते. तेल वेळेवर बदलावे, फिल्टर बदलावा, हवेची जाळी स्वच्छ ठेवावी, असे मी पाऊण तास सांगितले. शेवटी मागच्या बाजूस बसलेले एक वयोवृद्ध शेतकरी उठून उभे राहिले. गावात त्यांना सारे अण्णा म्हणतात. ते म्हणाले, "भाऊसाहेब, सांगितलंत ते पटलं. पण एक विचारू का? तुम्ही स्वतः कधी चेंबरचा बोल्ट खोलला आहे का?"

मी खोलला नव्हता. आमच्या घरी ट्रॅक्टर आहे. धाकटे बंधू तो चालवितात. आणि त्याचे तेल नेहमी तालुक्याच्या गावी बदलले जाई. मी ते खरे सांगून टाकले. सभेत हशा पिकला. अण्णा मात्र हसले नाहीत. "आमच्या विहिरीवर इंजिन होतं," ते म्हणाले. "त्याचं तेल मी माझ्या हातानं बदलत आलो. आता नातू ट्रॅक्टर घेऊन तालुक्याला जातो, अन् सबंध दिवस घालवून येतो. तुम्हाला शिकवायचंच असलं तर करून दाखवा."

अण्णांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मोटा जाऊन विहिरींवर ऑइल इंजिने आली, तेव्हा त्या पिढीने ती यंत्रे आपलीशी केली. हँडल मारणे, तेल बदलणे, पट्टा चढविणे ही कामे घरोघर होत असत. त्यांच्यापैकी अनेकांना अक्षरओळखही नव्हती. आज घरात शिकलेली मुले आहेत, ट्रॅक्टरसोबत छापील माहितीपुस्तिका मिळते, आणि तरीही तेवढेच काम आपल्या आवाक्याबाहेरचे वाटू लागले आहे. यंत्र अवघड झाले हे त्याचे एक कारण खरे. पण तेल बदलण्याचे काम त्या मानाने अवघड झालेले नाही. आपण ते करणे सोडून दिले, हेच मुख्य कारण होय.

तेल काय काम करते

इंजिनातील तेल केवळ वंगण आहे अशी पुष्कळांची समजूत असते. वंगण हे त्याचे पहिले काम खरे. परंतु ते एकटे नव्हे. फिरणाऱ्या भागांतील उष्णता ते वाहून नेते, पिस्टन आणि सिलिंडर यांमधील फट भरून काढते, गंज चढू देत नाही, आणि डिझेल जळताना उत्पन्न होणारी काजळी आपल्यात सामावून घेते. म्हणूनच नवे तेल घातल्यावर थोड्याच तासांत ते काळे दिसू लागते. यावरून तेल भेसळीचे निघाले असा तर्क करू नये. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. मात्र ही धारणशक्ती अमर्याद नसते. ती संपली की काजळीचा चिखल होऊन बारीक नळ्या तुंबतात, फिल्टर चोंदतो, आणि बेअरिंगपर्यंत तेल पोहोचेनासे होते. त्यानंतरचा खर्च तेलाच्या डब्याचा नसून सबंध इंजिन खोलण्याचा असतो.

तेल केव्हा बदलावे याचा हिशेब ट्रॅक्टरमध्ये किलोमीटरवर नसून तासांवर असतो. अनेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत हा काळ २५० तासांच्या आसपास दिलेला असतो. काही नव्या इंजिनांत तो अधिक असतो. आणि नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल बरेच लवकर, साधारणपणे ५० तासांनंतर, बदलावयाचे असते. आपल्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच प्रमाण मानावा. तासांचे मीटर बंद पडले असल्यास निराश होण्याचे कारण नाही. डिझेलची नोंद ठेवावी. समजा, आपला ट्रॅक्टर शेतातील कामात तासाला सरासरी ४ लिटर डिझेल जाळीत असेल, तर १,००० लिटर डिझेल जळले म्हणजे सुमारे २५० तास भरले. घरातील एखाद्या शाळकरी मुलाने किंवा मुलीने भिंतीवरील कॅलेंडरवर ही नोंद केली, तरी काम भागते. तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा तेल बदलणे श्रेयस्कर. कारण उभ्या यंत्रातही तेलात ओल धरते.

माझा पहिला प्रयत्न

सभेनंतरच्या रविवारी मी घरी गेलो आणि बंधूंना म्हणालो की, या वेळचे तेल आपण अंगणातच बदलू. त्यांना ते फारसे रुचले नाही. खरिपाची तयारी चालू होती, आणि हातून काही मोडले तर पेरणी कशाने करावयाची, हा त्यांचा प्रश्न होता. तो रास्तच होता. पाऊस पडून वाफसा आला की पेरणीसाठी हाती थोडेच दिवस असतात. त्या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडणे म्हणजे हंगामच लांबणीवर पडणे होय.

प्रथम मी पुस्तिका वाचली, आणि ते बरे झाले. ट्रॅक्टरच्या पोटाखाली बोल्ट एकच नसतो. पुढच्या बाजूस इंजिनाचे चेंबर असते, त्याच्या मागे क्लचचे घर आणि त्यामागे गिअरपेटी असते; तिच्या तळाशीही तेल सोडण्याचा बोल्ट असतो. मी प्रथम पाना लावला तो गिअरपेटीच्या बोल्टास. पुस्तिकेतील चित्र पुन्हा पाहिले म्हणून चूक वेळीच कळली. तो बोल्ट उघडला असता तर गिअरपेटी कोरडी पडली असती, आणि इंजिनात जुन्या तेलावर नवे तेल ओतले गेले असते.

योग्य बोल्ट खोलल्यावर तेल घमेल्यात पडू लागले. ते आम्ही नरसाळ्याने रिकाम्या डब्यांत भरले, आणि येथेच आम्हांस एक अनपेक्षित गोष्ट आढळली. मागील खेपेच्या बिलाप्रमाणे इंजिनात ७ लिटर तेल घातले होते. निघाले ते ८ लिटरांहून अधिक. आमचे बंधू वर्षभर समाधानाने सांगत होते की, आपले इंजिन तेल मुळीच खात नाही, पट्टीवर पातळी कधी उतरत नाही. वस्तुतः पातळी उतरत नव्हती याचे कारण वेगळेच होते. ते तेल पाण्यासारखे पातळ होते आणि त्यास डिझेलचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना बोलावले. डिझेल पंपाचे एक सील झिजून डिझेल इंजिनाच्या तेलात मिसळत होते. डिझेलने पातळ झालेले तेल बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही. तसेच चालवीत राहिलो असतो तर ऐन पेरणीत इंजिन जाम झाले असते, असे मिस्त्रींनी सांगितले.

मला या ठिकाणी जे सांगावयाचे आहे ते हेच. तेल स्वतः बदलण्यात मजुरी वाचते, पण तो लाभ लहान आहे; तेल आणि फिल्टर यांची किंमत तर दोन्हीकडे द्यावीच लागते. मोठा लाभ हा की, जुने तेल आपल्या डोळ्यांसमोर बाहेर पडते. ते दुधाळ दिसले तर इंजिनात पाणी शिरले आहे असे समजावे. पातळ होऊन डिझेलचा वास येऊ लागला तर डिझेल मिसळत आहे. त्यात किंवा बोल्टाच्या टोकास धातूचे चमकते कण आढळले तर आतील भाग झिजत आहेत. घातलेल्यापेक्षा बरेच कमी निघाले तर तेल जळत आहे किंवा गळत आहे. दुसऱ्याच्या आवारात, दुसऱ्याच्या हाताने, आपण चहा घेत असताना तेल बदलले गेले, तर यांपैकी एकही गोष्ट आपणांस कळत नाही.

कामाचा क्रम

ज्यांना हे काम प्रथमच करावयाचे आहे त्यांच्यासाठी त्याचा क्रम थोडक्यात देतो.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. मागील अवजार जमिनीवर टेकवावे, ब्रेक लावावा, चाकांना पुढून-मागून दगडांची उटी द्यावी. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून बंद करावे व किल्ली काढून खिशात ठेवावी. कोमट तेल लवकर वाहते आणि तळाचा गाळ सोबत घेऊन येते. मात्र काम नुकतेच संपवून आलेल्या ट्रॅक्टरचे कढत तेल सोडू नये, हात भाजतो. हातमोजे घालावेत, सैल कपडे टाळावेत आणि लहान मुलांस दूर बसवावे.

चेंबरखाली रुंद घमेले ठेवून बोल्ट सैल करावा. त्यासाठी नेमक्या मापाचा रिंग पाना वापरावा. पक्कड लावल्यास बोल्टाचे कोपरे झिजतात. खालून काम करताना दिशेचा गोंधळ होतो. बोल्टाच्या डोक्याकडे तोंड करून पाहावे. घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने तो सुटतो. शेवटचे आटे हाताने सोडवावेत आणि हात चटकन बाजूस घ्यावा. तेल पूर्ण निथळण्यास वीस मिनिटे तरी द्यावीत.

त्यानंतर फिल्टर. येथे माझी दुसरी चूक झाली, आणि ती वेळीच ध्यानात आली नाही. जुना फिल्टर काढला तेव्हा त्याचे रबरी कडे इंजिनाच्या बैठकीलाच चिकटून राहिले होते. ते न पाहता मी त्यावर नवा फिल्टर बसविला. दोन कडी एकावर एक आली. इंजिन सुरू करताच त्या फटीतून तेलाची पिचकारी उडाली. बंधूंनी तत्क्षणी इंजिन बंद केले म्हणून इंजिन वाचले. पण लिटरभर तेल अंगणातील मातीत मुरले. सबब जुना फिल्टर काढल्याबरोबर त्याचे कडे त्याच्यासोबत आले की नाही हे डोळ्यांनी पाहावे आणि बैठक स्वच्छ फडक्याने पुसावी. नव्या फिल्टरच्या कड्यास बोटाने नवे तेल चोळावे, फिल्टर हाताने फिरवावा, कडे बैठकीला टेकले की आणखी सुमारे पाऊण फेरा हातानेच आवळावे. पान्याने आवळू नये. फिल्टर वेगळ्या बनावटीचा असल्यास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे करावे.

चेंबरचा बोल्ट नवा वायसर घालून प्रथम चार-पाच आटे हाताने बसवावा आणि मगच पाना लावावा. आटे तिरके बसल्यास चेंबरच निकामी होते. बोल्ट घट्ट हवा. परंतु अंगातील सगळे बळ त्यावर खर्च करू नये. नवे तेल पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच घ्यावे. डब्यावर २० डब्ल्यू ४० किंवा १५ डब्ल्यू ४० असे लिहिलेले असते. यांतील पहिला आकडा थंडीतील आणि दुसरा गरम इंजिनातील दाटपणा दर्शवितो. सीलबंद डबा पक्क्या पावतीवर घ्यावा. सांगितलेल्या मापापेक्षा थोडे कमी ओतावे, थांबावे, पट्टी पुसून पाहावी आणि मग दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ, पातळी आणावी. खुणेवर तेल चढविणे हेही नुकसानीचेच आहे. फिरणाऱ्या भागांनी ते घुसळले जाऊन त्यास फेस येतो, आणि फेसाळ तेल वंगणाचे काम करीत नाही.

शेवटी इंजिन सुरू करून मंद गतीने चालवावे. तेलाच्या दाबाचा दिवा काही क्षणांतच विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे. खाली वाकून बोल्ट आणि फिल्टर यांपाशी गळती आहे काय ते पाहावे. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी पुन्हा तपासावी, आणि तारीख, तास व तेलाचे माप वहीत लिहून ठेवावे.

ज्यांच्या घरी मोटारगाडी आहे त्यांना हाच क्रम थोड्या फरकाने लागू पडतो. परंतु एक सूचना आवर्जून द्यावयाची आहे. ट्रॅक्टरचे पोट उंच असते, म्हणून तो उचलावा लागत नाही. गाडी उचलावी लागते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. जॅक घसरतो आणि माणूस जिवास मुकतो. भक्कम आधाराचे ठोकळे किंवा उतार नसेल तर ते काम गॅरेजमध्येच करून घ्यावे.

आक्षेपांचा विचार

या मतावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला हमीचा. नवा ट्रॅक्टर हमीच्या मुदतीत असेल तर त्याची देखभाल अधिकृत केंद्रातच करून घ्यावी व पावत्या जपाव्यात, हे मला मान्य आहे. तेथेही यंत्राजवळ उभे राहून काम पाहता येते. पुढील खेपेची ती शिकवणीच होय.

दुसरा आक्षेप चुकीच्या भीतीचा. मी स्वतः दोन चुका केल्या हे वर सांगितलेच आहे, तेव्हा ही भीती निराधार आहे असे मी कसे म्हणू? पण दोन्ही चुका टाळता येण्याजोग्या होत्या. पहिला प्रयत्न ऐन पेरणीच्या तोंडावर न करता काम नसलेल्या दिवसांत करावा आणि शक्य तर एखाद्या जाणत्या माणसास शेजारी बसवावे. आम्ही दिवस चुकीचा निवडला, असे आमचे बंधू आजही ऐकवितात.

तिसरा आक्षेप मिस्त्रींच्या रोजगाराचा आहे. तेल बदलणे हे त्यांच्या कौशल्याचे काम नव्हे. आमच्या डिझेल पंपाचे सील ओळखणे व बदलणे, हे त्यांचे काम होते. आम्ही तेल स्वतः बदलले म्हणूनच ते काम त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचले. जो शेतकरी आपल्या यंत्राचे लक्षण अचूक सांगू शकतो, त्याचे काम मिस्त्रीसही सोपे जाते.

वापरलेल्या तेलाचे काय

आता मी या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळतो. माझ्या हातून अंगणात जे लिटरभर तेल सांडले, त्या हातभर जागेत २०२३ आणि २०२४ या दोन्ही पावसाळ्यांत गवताची काडी उगवली नाही. भोवताली हिरवे आणि मध्ये तो काळा डाग, असे ते दृश्य होते. जे अंगणात झाले ते बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीच्या काठीही होऊ शकते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने लोकांसाठी काढलेल्या माहितीत असे म्हटले आहे की, एका वेळी बदललेले तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी दूषित करू शकते. हा आकडा आपल्या मापात मांडून पाहू. २० फूट व्यासाच्या विहिरीत ३० फूट पाणी असेल तर ते सुमारे २ लाख ६७ हजार लिटर भरते. म्हणजे एका खेपेचे तेल अशा चौदा विहिरींचे पाणी नासवू शकते. त्या तेलात काजळीबरोबर झिजलेल्या धातूंचे अंश आणि ज्वलनातून उत्पन्न झालेली विषारी द्रव्ये असतात. त्याचा त्वचेशी दीर्घकाळ व वारंवार संपर्क आल्यास त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका असतो.

असे असूनही आपल्याकडे हे तेल टाकाऊ न मानता बहुगुणी मानले जाते. लाकडास वाळवी लागू नये म्हणून ते फासतात. धूळ बसावी म्हणून खळ्यावर शिंपडतात. गुऱ्हाळाच्या चुलाणात जाळतात. एवढेच नव्हे, तर जनावरास खरूज झाली की त्याच्या अंगावर चोळतात. जनावर आपले अंग चाटते, आणि ते विष त्याच्या पोटात जाते. खरजेसाठी पशुवैद्यकाकडे औषध आहे. चुलाणासाठी चिपाड आहे. हे तेल यांपैकी कशासाठीही वापरू नये.

भारतात २०१६ सालच्या धोकादायक कचऱ्याविषयीच्या नियमांनी वापरलेल्या तेलाची गणना धोकादायक कचऱ्यात केली आहे. त्या नियमांत २०२३ साली झालेल्या सुधारणेनुसार, तेल उत्पादक व आयातदार कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून टाकण्यात आली आहे. तेल झिजून संपत नाही, ते मळते. योग्य कारखान्यात शुद्ध केल्यास त्यापासून पुन्हा वंगणाचे मूळ तेल मिळते. म्हणून ते निकामी घाण नव्हे, तर परत करावयाची वस्तू आहे.

यास्तव आपण एवढे करावे. जुने तेल नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत भरून झाकण घट्ट लावावे. त्यात पाणी, रॉकेल, डिझेल किंवा फवारणीच्या औषधांचे अवशेष मिसळू नयेत. मिसळल्यास त्याचे शुद्धीकरण कठीण होते. फिल्टर रात्रभर घमेल्यात पालथा ठेवून निथळू द्यावा. डबे मुलांच्या हाती लागणार नाहीत असे सावलीत ठेवावेत, आणि तालुक्यास जाताना, ज्या सेवा केंद्रातून नोंदणीकृत संकलक तेल उचलून नेतो, तेथे द्यावेत. तेल विकत घेतानाच विक्रेत्यास विचारून ठेवावे की, जुने तेल कोठे देता येईल. हे करण्याची ज्याची तयारी नसेल, त्याने तेल घरी बदलू नये, असे मी स्पष्टपणे म्हणतो. तेल बदलण्याचा मान घ्यावयाचा तर जुन्या तेलाचे ओझेही घ्यावयास हवे.

कार्यकर्त्यांस विनंती

गावपातळीवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांस शेवटी एक विनंती आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समाजविकासाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून आपण सांगण्यापेक्षा करून दाखविण्यावर भर देत आलो आहोत. बियाणे प्रक्रियेचे प्रात्यक्षिक आपण करतो, मग तेल बदलण्याचे का करू नये? गावात एखाद्याच्या ट्रॅक्टरचे तेल बदलण्याची वेळ आलीच असते. त्या दिवशी दहा जणांना त्या अंगणात बोलवावे आणि पाना शेतकऱ्याच्या हाती द्यावा. मुलींना व स्त्रियांनाही बोलवावे. तेल बदलण्यास बळ लागत नाही, लक्ष लागते. त्याच दिवशी गावातील जुन्या तेलाचे सारे डबे एकत्र करून एका फेरीत तालुक्यास पोहोचविण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीच्या साह्याने करावी. एकट्या शेतकऱ्यास दोन डब्यांसाठी हेलपाटा घालणे जड जाते. गावास ते जड नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी अण्णांच्या गावी पुन्हा गेलो आणि त्यांच्या नातवाकडून त्यांच्याच ट्रॅक्टरचे तेल बदलून घेतले. फिल्टर बसविण्यापूर्वी मी माझ्या चुकीची हकीकत सांगितली. नातवाने जुने कडे बोटाने ओढून पाहिले, ते फिल्टरसोबत आले होते, आणि त्याने बैठक दोनदा पुसली. अण्णा ओट्यावर बसून पाहत होते. काम झाल्यावर त्यांनी पट्टी मागून घेतली, धोतराच्या सोग्यास न पुसता फडक्यास पुसली, पुन्हा बुडवून उन्हात धरली आणि पातळी बरोबर असल्याचे सांगितले. मग ते नातवास म्हणाले, "आता पुढच्या खेपेला भाऊसाहेबांची वाट पाहू नकोस." प्रत्येक गावात असे सांगणारे कोणी तरी असावे, आणि तसे करणारेही.